घाट सपाट कसा झाला?

“इंजिनिअरिंगला आहेस ना रे? मग एक साधा व्हिडिओ टीव्हीवर लावता येत नाही तुले?”

मित्रहो, हे वाक्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपापल्या घरी ऐकलं असेल. मी ते दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांत चार वेळा ऐकलं. सेमिस्टरभर सिग्नल प्रोसेसिंग शिकून, व्हायव्हात बऱ्यापैकी मार्क मिळवून घरी गेलेल्या माणसाला हे वाक्य किती लागतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक! पण त्या तीन दिवसांत मला जे समजलं ते वर्गात समजलं नव्हतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी मलकापूर–बुलढाणा फेरी केली. आपल्या जिल्ह्याचा भूगोल तुम्हाला माहीतच आहे. मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सहाशे मीटरच्या वर. मोताळा सोडलं की पुढे राजूर घाट लागतो आणि गाडी डोंगरावर चढते. बाबांनी हा घाट किती वेळा चढला-उतरला याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. रिटायर झाल्यावर कंबरेच्या मणक्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी गाडीचा प्रवास बंद म्हणून सांगितलं. तेव्हापासून घाट नाही. बाबा तसे कमी बोलतात, पण पावसाळा सरला की एकदा तरी म्हणणारच, “घाट हिरवागार झाला असंल आता.”

होस्टेलवरच्या एका मित्राकडे अ‍ॅक्शन कॅमेरा आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, छातीवर पट्ट्याने बांधता येतो. हा प्रकार मुळात समुद्रावरच्या सर्फिंगसाठी निघाला. गोप्रो कंपनीच्या निक वुडमनने २००४ साली जो पहिला कॅमेरा विकायला काढला तो चक्क ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर फोटो काढणारा, मनगटावर बांधायचा होता! असो. मी कॅमेरा मागून आणला, मित्राच्या मोटरसायकलवर मलकापूरहून बुलढाण्यापर्यंत सगळा रस्ता शूट केला आणि घरी आलो. बाबांना म्हटलं, “बसा इथं, घाट दाखवतो.”

आणि मग सुरू झाली आमची परीक्षा.

पेपर पहिला : टीव्हीला कार्ड दिसेना

आमचा टीव्ही ३२ इंची, २०१४ साली घेतलेला. मागे यूएसबीचं भोक आहे. कॅमेऱ्यातलं ६४ जीबीचं कार्ड रीडरमध्ये घातलं, रीडर टीव्हीला लावला. टीव्ही म्हणाला, काहीही जोडलेलं नाही.

कारण असं. कार्डावर फायली कशा मांडून ठेवायच्या याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, त्यांना फाईल सिस्टिम म्हणतात. फॅट३२ ही जुनी पद्धत जवळपास प्रत्येक यंत्राला कळते, पण तिच्यात एका फाईलची लांबी ३२ बिटांत लिहितात. म्हणजे जास्तीत जास्त ४२९,४९,६७,२९५ बाईट, आपल्या भाषेत ४ जीबी. व्हिडिओला हे अपुरं पडतं. म्हणून मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सफॅट आणली, आणि ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं तीच वापरतात. पण ती वापरायला टीव्ही कंपन्यांना लायसन्स घ्यावं लागायचं. मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील सगळ्यांसाठी खुला केला तो २०१९ साली. त्याआधीच्या बऱ्याच टीव्हींना ती वाचताच येत नाही. आमचा त्यातलाच.

उपाय सोपा. फायली कॉम्प्युटरवर घ्या आणि फॅट३२ केलेल्या पेनड्राईव्हवर टाका. जाता जाता हेही सांगतो, की असे कॅमेरे लांब शूटिंगचे आपोआप तुकडे पाडतात. तुमची सलग राईड तीन-चार फायलींत दिसली तर घाबरू नका, काही हरवलेलं नसतं.

पेपर दुसरा : आवाज आहे, चित्र नाही

पेनड्राईव्ह लावला. फाईलचं नाव दिसलं. बटण दाबलं. मोटरसायकलचा आवाज सुरू... आणि पडदा काळा! “व्हिडिओ सपोर्ट होत नाही.” बाबा पाच मिनिटं काळ्या पडद्यासमोर बसून आवाज ऐकत होते. मग म्हणाले, “रेडिओच झाला हा तर.”

इथे आपली सगळ्यांची एक गैरसमजूत असते. फाईलच्या नावापुढे ‘एमपी४’ दिसलं की आपण म्हणतो, टीव्हीला एमपी४ चालतं, मग ही का नाही? पण एमपी४ हा नुसता डबा आहे. मेसच्या डब्यासारखा. बाहेरून सगळे डबे सारखेच, आत वरण आहे की भरीत ते उघडल्यावर कळतं. डब्याच्या आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, तो कोडेक, ही खरी गोष्ट.

दाबून का भरायचं, ते गणितानं बघू. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ३ बाईट धरले तर एक फ्रेम ६२ लाख बाईटची. सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३१ कोटी बाईट! अर्ध्या मिनिटात पेनड्राईव्ह काठोकाठ. म्हणून कोडेक काय करतो, एक फ्रेम पूर्ण ठेवतो आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितो. बातम्या देणारी बाई हलत नाही, तिच्या मागची भिंतही हलत नाही, त्यामुळे थोडक्यात काम भागतं. घाटात मात्र प्रत्येक पान, प्रत्येक खडी, प्रत्येक कठडा दर क्षणाला जागा बदलतो. सगळंच नवं! म्हणून अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला फार मोठा बिटरेट लागतो. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलं तर मिनिटाला ७५० मेगाबाईट आणि तासाला ४५ गिगाबाईट.

ही जागा वाचवण्यासाठी नवे कॅमेरे मोठ्या साईझचं चित्र एच.२६५ या कोडेकमध्ये भरतात. तो २०१३ साली प्रमाण झाला. त्याआधीचा एच.२६४ हा २००३ चा. आमच्या टीव्हीला एच.२६४ कळतो, एच.२६५ नाही. आणि टीव्हीतला डीकोडर ही एक चिप असते, तिच्यात नवी विद्या सॉफ्टवेअरने भरता येत नाही. शिवाय मी शूट केलं होतं ४के मध्ये, सेकंदाला ६० फ्रेमने. जास्त ते चांगलं, असा आपला साधा हिशोब! ४के म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, जे आमच्या टीव्हीला दाखवताच येणार नव्हते.

म्हणजे चूक टीव्हीची नव्हती, माझी होती. जुन्या काळी लग्नाची व्हिडिओ कॅसेट कोणाच्याही घरी चालायची, कारण कॅमेरा तोच सिग्नल रेकॉर्ड करायचा जो टीव्हीला हवा असायचा. ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, विषय संपला. आता कॅमेरा फाईल तयार करतो, आणि टीव्ही हा एक छोटा कॉम्प्युटर आहे. दोघांची भाषा जुळवणं हे काम आता आपल्याकडे आलंय.

भाषांतर करून देणारे फुकट प्रोग्राम आहेत. हँडब्रेक हा वापरायला सोपा, एफएफएमपेग हा कमांड लाईनवाल्यांसाठी. फुल एचडी, एच.२६४, ८ बिट रंग आणि आवाज एएसी, एवढं निवडलं की जुने बहुतेक टीव्ही खूश. घाई असेल तर लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. मग फाईल उलगडण्याचं काम लॅपटॉप करतो, टीव्ही फक्त पडदा होतो. माझा लॅपटॉप होस्टेलवर होता (सुट्टीत अभ्यास करणार नाही हे ठरलेलं!), म्हणून मी मोताळ्याच्या मामेभावाच्या कॉम्प्युटरवर रात्रभर कन्व्हर्जन लावलं.

पेपर तिसरा : चित्र आहे, पण धक्के खातंय

दुसऱ्या दिवशी चित्र आलं. टाळ्या वाजायच्या आतच आई म्हणाली, “हे असं अडखळत काहून चाललंय?”

ही चूक शुद्ध माझी. टीव्ही म्हणजे २५ फ्रेम, हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून ६० ची फाईल मी २५ ची केली. ६० ला २५ ने भागलं की येतात २.४. पण २.४ वी फ्रेम कुठून आणणार? प्रोग्रामने जवळची उचलली : ०, २, ५, ७, १०, १२... म्हणजे एकदा दोनची उडी, एकदा तीनची. गाडी सरळ वेगात असली तरी पडद्यावर ती लंगडते. त्यापेक्षा ६० चे ३० केले असते तर एकाआड एक फ्रेम गेली असती आणि उड्या सारख्या पडल्या असत्या.

मग २५ आणि ५० चा संबंध कुठे येतो? दिव्यांशी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम घेत असेल तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला दिव्याची सारखीच आंदोलनं येतात, पूर्ण ४ किंवा पूर्ण २. पण ३० फ्रेम घेतल्या तर वाट्याला येतात ३.३३, आणि मग बसस्टँडवरच्या ट्यूबलाईटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ३० आणि ६० सोयीचे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘५० हर्ट्झ’ किंवा ‘पाल’ असा पर्याय असतो, तो निवडून मगच शूट करायला निघा. भर उन्हात काहीही चालतं, दिव्यांखाली नाही.

पेपर चौथा : आईला चक्कर आणि बाबांचा निकाल

रात्री पुन्हा कन्व्हर्जन. तिसऱ्या दिवशी चित्र एकदम झकास! पण दहा मिनिटांत आई उठली. “मले चक्कर येऊन राह्यली.” याचंही कारण आहे. आपला तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आत असतं. डोळे सांगतात की आपण वळणावर कलतोय, कान सांगतो की आपण सतरंजीवर बसलोय. या भांडणात मेंदू गोंधळतो आणि मळमळतं. चित्र हलतं-डुलतं असेल तर जास्तच. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन सुरू ठेवा. त्यात कडेचा काही भाग कापला जातो पण धक्के पुष्कळ कमी होतात. टीव्हीतही एक ‘स्मूथ मोशन’सारखं सेटिंग असतं, जे मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करतं. झाडापानांच्या वेगवान चित्रात ते चुकतं आणि कडा थरथरतात. ते बंद करून बघा.

बाबा मात्र शेवटपर्यंत बसले. घाट संपला, बुलढाणा आलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

“रस्ता तोच हाये,” ते म्हणाले. “पण हा घाट नाही. हा सपाट कधी झाला रे?”

खरं सांगू का, तीन दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडे उत्तर नव्हतं. चित्र स्वच्छ होतं, फ्रेम गळत नव्हत्या, रंग खरे होते. आणि ज्या माणसासाठी हे केलं, तो म्हणत होता की त्यात घाटच नाही.

सुट्टी संपल्यावर होस्टेलवर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. २० मीटर रस्त्याला १ मीटर चढ, हा ड्रायव्हरला चांगलाच जाणवणारा चढ. पण अंशांत तो भरतो जेमतेम ३. आणि माझा कॅमेरा मोटरसायकलवर बसलेल्या माझ्या छातीला बांधलेला. गाडी ३ अंश वर झाली की कॅमेराही ३ अंश वर! म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी रस्ता कायम सपाट. उरलासुरला कल स्टॅबिलायझेशनने पुसून टाकला.

दुसरी गोष्ट लेन्सची. या कॅमेऱ्यांची लेन्स साधारण १२० अंशांचं दृश्य पकडते. आमचा ३२ इंची पडदा ७१ सेंटिमीटर रुंद. ८ फुटांवरून बघितलं तर तो डोळ्यात फक्त १६-१७ अंशांची जागा व्यापतो. १२० अंशांचा घाट १७ अंशांत कोंबला, म्हणजे सगळं सात पट लहान आणि लांब. समोरचा डोंगर ढेकळासारखा दिसणारच! ते दृश्य खऱ्या मापात बघायचं असेल तर पडद्यापासून वीतभर अंतरावर बसावं लागेल. म्हणून घरी टीव्हीवर बघायचं असेल तर कॅमेऱ्याचा ‘वाईड’ मोड सोडून ‘लिनियर’ किंवा ‘नॅरो’ निवडावा. वेगाचा थरार कमी होतो, पण डोंगर डोंगरासारखा दिसतो.

तिसरी गोष्ट मला बाबांच्याच एका जुन्या वाक्यावरून सुचली. ते नेहमी सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचा. म्हणजे त्यांच्यासाठी चढ डोळ्यांत नव्हताच. तो इंजिनाच्या आवाजात होता! आणि माझ्या व्हिडिओत आवाज काय होता? वाऱ्याचा नुसता घोंगाट.

फेरपरीक्षा

मग पुढच्या वेळी घरी जाताना मोटरसायकल सोडली आणि एसटीत बसलो. ड्रायव्हरच्या परवानगीने पहिल्या सीटवरून, कॅमेरा गुडघ्यावर धरून शूट केलं. यात तीन फायदे झाले. वारा नाही, त्यामुळे आवाज स्वच्छ. चित्रात समोरच्या काचेची चौकट येते, आणि अशी स्थिर चौकट दिसत राहिली की चक्कर कमी येते. आणि गाडी एसटीचीच. सेटिंग अगदी साधं ठेवलं : फुल एचडी, २५ फ्रेम, एच.२६४, ५० हर्ट्झ, लिनियर. कन्व्हर्जन शून्य!

एक अडचण उरली होती. सपाट टीव्हीचे स्पीकर इवलेसे असतात, खर्ज त्यांना पेलत नाही. सहा सिलिंडरचं चार स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात तीनदा पेटतं. १५०० आरपीएमला हे सेकंदाला ७५ वेळा झालं. ७५ हर्ट्झचा हा हुंकार म्हणजेच बसचा जीव, आणि नेमका तोच टीव्ही गिळून टाकतो. म्हणून घरातले कॉम्प्युटरचे जुने स्पीकर काढले, ते वूफरवाले, आणि टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात जोडले.

पेनड्राईव्ह लावला. एका झटक्यात चित्र आलं, आवाज आला. मोताळा मागे पडलं. बाबा पुढे सरकून बसले. घाट सुरू झाला तसा इंजिनाचा सूर जड झाला. बाबांचा डावा हात मांडीवरून हलला आणि ते स्वतःशीच म्हणाले, “आता खाली घे.” पुढच्याच क्षणी पडद्यामागच्या ड्रायव्हरने गिअर खाली घेतला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. एका ठिकाणी ड्रायव्हरने जरा उशीर केला तर बाबा चिडले, “वळणात घेतो का कोणी गिअर!” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “चाललं तुमचं पुन्हा?” पण ती येऊन बसली, आणि या वेळी तिला चक्कर आली नाही.

संपल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “उतरतानाचा नाही आणला?” परीक्षा पास झाल्याचं मला याच्याहून चांगलं सर्टिफिकेट नको होतं.

तर मित्रहो, सुट्टीत तुमच्यापैकी कोणी लोणारच्या विवरात उतरेल, कोणी शेगावच्या वारीत चालेल, कोणी ज्ञानगंगाच्या जंगलातून जाईल, आणि घरच्यांना दाखवायला शूट करेल. त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल :

१. निघण्याआधी घरचा टीव्ही काय वाचतो ते मॅन्युअलमध्ये बघा. एक मिनिटाचा नमुना शूट करून तो टीव्हीवर लावून बघा.

२. टीव्ही फुल एचडी असेल तर फुल एचडीच शूट करा. २५ किंवा ५० फ्रेम, एच.२६४.

३. पेनड्राईव्ह फॅट३२, फाईल ४ जीबीच्या आत.

४. वाईड मोड टाळा, स्टॅबिलायझेशन ठेवा, टीव्हीचं स्मूथ मोशन बंद करा.

५. आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. माईकवर स्पंजचा तुकडा लावा, टीव्हीला बाहेरचा स्पीकर जोडा.

आणि सहावी गोष्ट, जी कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. कॅमेरा सुरू करण्याआधी स्वतःला विचारा, हे बघणार कोण आहे, आणि त्याला नेमकं काय हवंय? मी पहिल्यांदा शूट केला तो माझा घाट होता. बाबांना हवा होता तो त्यांचा. उतरतानाचा व्हिडिओ आणायचा बाकी आहे. सबमिशनं संपली की तेवढी एक फेरी मारणार आहे.